कर्ता शोधा

मी चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं. आता निवृत्त आहे, आणि माझ्या टेबलावर व्याकरणाचं एकही पुस्तक नाही. तिथे तीन जुने फोन आहेत, मुका झालेला एक स्पीकर आहे आणि पट्टा तुटलेलं, पावलं मोजणारं एक घड्याळ आहे. ते रोज रात्री बारा वाजता इमानदारीने शून्य दाखवतं, कारण टेबल चालत नाही. नवीन फोन बाजारात येणार असला की कंपनीचा तो झगमगाटी कार्यक्रम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो. घेत काहीच नाही. आमच्या हिचं म्हणणं, "लग्न कुणाचं आणि नटलंय कोण!"

माझं ज्ञान हौशी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण हौशी माणसाला एक फायदा असतो. त्याला कोणी काही विकलेलं नसतं आणि त्यालाही कोणाला काही विकायचं नसतं.

या हौसेत माझी एक भागीदार आहे. माझ्या मुलीची मुलगी, वय वर्षं बारा. तिच्या कंपासपेटीत कंपास नसतो, पण बारीक टोकाची चिमटी कायम असते. म्हणून सगळे तिला चिमटीच म्हणतात. तिच्यासाठी माझा एकच नियम आहे. कुठलीही वस्तू उघडण्याआधी तिच्यासोबत आलेला कागद उघडायचा, त्यातली वाक्यं मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक वाक्यात कर्ता शोधायचा.

"'चार्जर खोक्यातून कमी करण्यात आला आहे,'" चिमटी वाचते.

"कोणी केला?"

"लिहिलंच नाहीये."

"पुढे."

"'बॅटरी बदलण्याची सोय देण्यात आलेली नाही.' इथेही कोणी नाही. आजोबा, या कंपनीत माणसं काम करतात ना?"

"हजारो."

"मग एकही वाक्यात कसा येत नाही?"

असं करत करत ती एके दिवशी शेवटच्या पानावर पोचली आणि ओरडली, "सापडला! 'वापरकर्त्याने यंत्र उघडल्यास हमी रद्द होईल.' कर्ता सापडला! वापरकर्ता!" मग तिने खोक्याच्या झाकणावरचं 'आमच्या कंपनीने सर्वांत पातळ फोन घडवला' हे वाक्य बोटाने दाखवलं. "म्हणजे चांगलं झालं की कर्ता कंपनी. वाईट झालं की कर्ता गायब. आणि गुन्हा झाला की कर्ता आपण."

त्या दिवशी जिन्यात जो भेटेल त्याला मी हे वाक्य ऐकवलं. पोस्टमनलाही. हिने शेवटी मला आत ओढून दार लावलं.

आता त्या आठवड्याकडे येतो.

आमच्या खालच्या मजल्यावर ऑपरेटर राहतात. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणतात. लहानपणापासून त्यांना दिसत नाही. एकटे राहतात आणि पुस्तकांशिवाय त्यांचा दिवस जात नाही. ही पुस्तकं त्यांना एक छोटं यंत्र वाचून दाखवतं. साबणाच्या वडीएवढं, वर सात उठावदार बटणं, आणि मधल्या बटणावर खसखशीएवढा एक ठिपका. बोट ठिपक्यावर आलं की बाकीची सहा बटणं आपोआप सापडतात. तो ठिपका ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला मी ओळखत नाही, पण कुठे भेटला तर उठून उभा राहीन. कंपन्यांना नावं ठेवताना अशा माणसांचा विसर पडू नये.

त्या यंत्राचं एक बटण 'मागे' नावाचं आहे. दाबलं की आत्ता वाचलेलं वाक्य पुन्हा वाचतं. ऑपरेटर प्रत्येक आवडलेलं वाक्य दोनदा ऐकतात. "पहिल्यांदा कळण्यासाठी, मास्तर, आणि दुसऱ्यांदा चवीसाठी."

मंगळवारी सकाळी ते जिन्याचा कठडा धरून वर आले.

"मास्तर, आमच्या यंत्राचं आयुर्मान पूर्ण झालं म्हणे. कोणाकोणाला कळवायचं?"

यंत्र दहा मिनिटं चालून बंद पडत होतं, आणि त्यांच्या बटणवाल्या फोनवर कंपनीचा निरोप आला होता. फोनने तो आम्हालाही वाचून दाखवला. "आपल्या यंत्राचे आयुर्मान पूर्ण झाले असून त्याची सेवा थांबवण्यात येत आहे. नव्या मॉडेलवर आपल्यासाठी खास सवलत."

"कर्ता?" चिमटीने शाळेची पिशवी पाठीवर चढवता चढवता विचारलं.

"फरार," मी म्हणालो.

ऑपरेटर हसले, पण बोटं यंत्रावरून हलली नाहीत. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते. ती रविवारी चार वाजता नवं मॉडेल घेऊन येणार होती. जुनं चालू होत नसेल तर त्याच दिवशी नव्यावर सगळी पुस्तकं चढवून, जुनं परत कंपनीला देऊन टाकायचं, असं तिचं ठरलं होतं. नवं मॉडेल सगळं काचेचं. बटण म्हणून एकही नाही.

"दुकानात हात लावून बघितलंय मी," ऑपरेटर म्हणाले. "काचेवरून बोट फिरवलं की खिडकी पुसल्यासारखं वाटतं. खिडकी पुसून पुस्तक वाचता येत नाही हो. दर पानाला कोणाला तरी हाक मारावी लागेल. तीस वर्षं लोक मला हाक मारायचे आणि मी जोडून द्यायचो. आता म्हातारपणी मी हाका मारत बसू?"

म्हणजे रविवारी चारपर्यंत ते यंत्र चालू व्हायला हवं होतं. नाहीतर या माणसाचं एकट्याने वाचणं संपणार होतं.

बुधवारी आम्ही तिघं कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. पांढऱ्याशुभ्र भिंती, थंडगार हवा, आणि काउंटरमागे एक नीटनेटका तरुण.

"सर, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही."

"येत नाही म्हणजे ती रुसलीय का?" ऑपरेटरांनी विचारलं.

"नाही सर, बंद झालीय."

"कोणी बंद केली?" ही चिमटी.

तरुणाने पडद्याकडे बघितलं. "सिस्टीमने."

"सिस्टीम कुठे बसते?"

"बाळ, सिस्टीम कुठेच बसत नाही."

"मग उभ्या उभ्या बंद केली?"

मी खोकून हसू गिळलं. तरुणाने नवं मॉडेल पुढे सरकवलं. "हे बघा ना सर, किती पातळ आहे!" ऑपरेटरांनी ते हातात घेतलं. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "आपण माणूस असल्याची खात्री करण्यासाठी, ज्या चित्रांत पूल आहे ती चित्रे निवडा."

"मी माणूस आहे हे सिद्ध करायला डोळे लागतात होय!" ऑपरेटर म्हणाले. "बरं झालं कळलं. इतकी वर्षं उगीच मिरवत होतो."

तरुण कानापर्यंत लाल झाला. वाईट मुलगा नव्हता तो. आम्ही निघालो तेव्हा दार उघडून द्यायला आला आणि इकडेतिकडे बघत पुटपुटला, "स्क्रू तीनपायी आहेत, डोक्यावर तीन खाचांचे. साधा स्क्रूड्रायव्हर लावलात तर डोकी झिजतील. आणि बॅटरीखाली चिकटपट्टी आहे. ती हळू, एका रेषेत ओढायची. मी काही सांगितलेलं नाही."

बाहेर आल्यावर चिमटी म्हणाली, "आजोबा, हा कर्ता स्वतःहून लपला."

"त्याला माफ आहे," मी म्हणालो. "तो आपल्या भल्यासाठी लपलाय."

तीनपायी स्क्रूड्रायव्हर आणि त्याच मापाची बॅटरी आम्हाला एका घड्याळजीकडे मिळाली. जी बॅटरी 'येत नाही' ती त्याच्या खणात डझनाने पडली होती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही कामाला बसलो. टेबलावर पांढरी चादर, म्हणजे उडालेला स्क्रू दिसतो. चिमटीने जाड कार्डावर यंत्राची आकृती काढली, सहा टिंबं दिली, टिंबाटिंबाला भोक पाडलं. जो स्क्रू जिथून निघाला तो त्याच भोकात खोचायचा, ही आमची पद्धत. पाच स्क्रू आखूड होते आणि एकच लांब. तो खाली उजवीकडचा, जिथे यंत्राचं अंग जाड होतं.

लांब स्क्रू मला फार आवडला. त्याचे आटे इतके बारीक होते की नुसत्या डोळ्यांना दिसेनात. मी कार्ड उचलून खिडकीपाशी नेलं, भिंगातून मनसोक्त बघितलं आणि परत आणून ठेवलं.

चिमटीने चिकटपट्टी ओढली. हळू, एका रेषेत, श्वास धरून. जुनी बॅटरी पोट फुगवून बाहेर आली आणि नवी आत बसली. झाकण लागलं. कार्डावरून एकेक स्क्रू घेत ती पिळत गेली. एक जरा अडला.

"हा जात नाहीये."

"जाईल. अजून थोडा पिळ," मी म्हणालो.

'टक्' असा बारीक आवाज झाला.

यंत्र सुरू झालं. आवाज खणखणीत होता. आम्ही एकमेकांच्या हातावर टाळी दिली. मग चिमटीने बटणं तपासली. पुढे, थांब, हळू, जोरात, सगळी चालली. 'मागे' दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. यंत्र आपलं पुढेच वाचत सुटलं.

तिने पुन्हा झाकण उघडलं. लांब स्क्रू वर डावीकडच्या भोकात होता. त्याच्याखाली सर्किटच्या हिरव्या पाटीवर केसाएवढा ओरखडा पडला होता, आणि पाटीवरची एक तांब्याची रेघ तिथे तुटली होती. तिने कार्डाकडे बघितलं. मीही बघितलं. सहा भोकांची ती आकृती उलटसुलट सारखीच दिसत होती.

मला सगळं कळलं. आणि मी, ज्याने चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं तोच मी, तोंड उघडून म्हणालो, "कार्ड जरा फिरवलं गेलं असावं."

चिमटी मनगटाच्या मागच्या बाजूने डोळे पुसत होती. ती थांबली.

"आजोबा," ती म्हणाली. "कर्ता?"

स्वयंपाकघराच्या दारातून ही म्हणाली, "घ्या! चौतीस वर्षं पेरलंत, आज उगवलं."

माझे कान तापले. पण खरं सांगतो, त्या तापलेल्या कानांच्या मधोमध, छातीत कुठेतरी, असा काही आनंद झाला की तो लपवायला मला चष्मा पुसावा लागला. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने मला असं पकडलं नव्हतं.

"मी," मी म्हणालो. "मी कार्ड खिडकीपाशी नेलं. मी ते उलटं ठेवलं."

"आणि मी कार्डावर 'वर' असं लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "आणि जोर मी लावला."

"लाव म्हणणारा मी होतो."

"मग दोन कर्ते झाले."

शनिवारी सकाळी मला एक मोह झाला. तुटलेली रेघ जोडता येते, हे मला ठाऊक होतं. ज्या बाई माझ्या हिचं कानाचं यंत्र दुरुस्त करतात त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे. म्हणून मी म्हणालो, "आधी तिकडे जाऊन दुरुस्त करून आणू. मग ऑपरेटरांना सांगू. कदाचित सांगायची गरजही पडणार नाही."

चिमटी बूट घालत होती. तिने वर न बघताच विचारलं, "कंपनीपण असंच ठरवत असेल ना?"

आम्ही आधी खाली गेलो.

ऑपरेटर खुर्चीत वाट बघत बसले होते. चिमटीने यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि ती समोर उभी राहिली. परीक्षेला उभी राहावी तशी.

"ऑपरेटरआजोबा, बॅटरी बसली. पण 'मागे' चालत नाही. मी लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला. त्याने आतली रेघ तुटली. कार्ड आजोबांनी उलटं ठेवलं होतं, पण मी त्यावर खूण केली नव्हती."

त्यांनी मधला ठिपका शोधला. तिथून अंगठा 'मागे'वर गेला. एकदा, दोनदा, तीनदा दाबलं. यंत्र पुढेच वाचत राहिलं. खोलीत तेवढा एक आवाज होता. चिमटीचा हात माझ्या हातात आला.

"चिमटे," ऑपरेटर शेवटी म्हणाले, "एक्स्चेंजमध्ये मी चुकीचा नंबर जोडला की साहेब सांगायचे, 'लाइनमध्ये बिघाड आहे' असं म्हणा. लाइन बिचारी काय बोलणार? पण मला ते जमायचं नाही. मी म्हणायचो, 'माफ करा, मी चुकीचा जोडला.' लोक खूप चिडायचे. शिव्याही द्यायचे."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचे, तो कालचा ऑपरेटर आहे का? त्यालाच जोडून द्यायला सांगा." त्यांनी यंत्र तिच्याकडे परत केलं. अंदाजाने नव्हे, नेमकं तिच्या तळहातावर. "मुलगी उद्या चारला येते. तुझ्याकडे पुष्कळ वेळ आहे. आणि मास्तर..."

"बोला."

"तुम्ही आज खिडकीपासून लांब बसा."

कानाच्या यंत्रवाल्या बाईंचं दुकान म्हणजे एक खुर्ची, एक टेबल आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेला एक पडदा. पाटीवरचा ओरखडा त्या पडद्यावर कोरड्या नदीएवढा दिसला. बाई मान वाकडी करून बघत राहिल्या.

"रेघ तुटलीय, यंत्र नाही," त्या म्हणाल्या. "कोणी तोडली?"

"मी," चिमटी आणि मी एकदमच म्हणालो.

बाई हसल्या. "इथे रोज दहाजण येतात. सगळ्यांची यंत्रं आपोआप पडतात, आपोआप पाण्यात जातात. तोडणारे आज पहिल्यांदा आले." त्यांनी खुर्ची चिमटीकडे वळवली. "बस. तार तू धर. डाग मी देते. डोळे पडद्यावर ठेव, हाताकडे बघू नकोस."

जुन्या इअरफोनमधली केसासारखी तार चिमटीने आपल्या चिमटीत धरली. पडद्यावर ती दोरखंडासारखी थरथरत होती. "श्वास सोड," बाई म्हणाल्या. "आता." दोरखंड स्थिर झाला. नदीच्या एका काठावर चांदीचा थेंब पडला, मग दुसऱ्या काठावर. मी भिंतीला टेकून उभा होतो, खिडकीपासून अगदी लांब. वर्गात पहिला नंबर आलेली नातवंडं पुष्कळांना असतात. हात थरथरतोय हे कबूल करून तो स्थिर करणारी नात माझ्या समोर बसली होती.

रविवारी झाकण मात्र आम्ही ऑपरेटरांच्याच घरी लावायचं ठरवलं. चारच्या ठोक्याला त्यांची मुलगी आली. हातात नव्या मॉडेलचं खोकं. टेबलावर चादर आणि उघडं पडलेलं यंत्र बघून तिचा चेहराच उतरला.

"बाबा, हे काय? लहान मुलीच्या हातात दिलंत? आणि हे असं किती दिवस चालणार?"

"तुझी काच किती दिवस चालणार, हे तरी कोणी लिहून दिलंय का?" ऑपरेटर म्हणाले. "बस जरा. चिमटे, स्क्रू आण इकडे."

सहाही स्क्रू त्यांनी तळहातावर घेतले. अंगठ्याने एकदा गोल फिरवले आणि लांब स्क्रू वेगळा काढून दोन बोटांत धरला. दोन सेकंदही लागले नसतील.

"हा. एवढ्यासाठी तुम्ही नकाशा काढलात? मला विचारायचंत की!"

चिमटीने तोंडावर हात ठेवला. मला तर कुठे बघावं कळेना. भिंग, कार्ड, खिडकी, सगळं झालं होतं, पण ज्याचं यंत्र त्याची बोटं आमच्या डोक्यातच आली नव्हती. ऑपरेटर एकेक स्क्रू देत गेले आणि चिमटी लावत गेली. शेवटचा लावण्याआधी ती म्हणाली, "थांबा. आधी 'मागे' चालतंय का बघू. मग या फटीतून एक चिठ्ठी आत सरकवायचीय. पुढे कधी कोणी उघडलं तर कळायला हवं."

यंत्र सुरू झालं. ऑपरेटरांचा अंगठा ठिपक्यावर गेला, तिथून पुढे सरकला, 'मागे'वर थांबला आणि दाबला गेला.

छे! बघा, सवय जात नाही. ऑपरेटरांनी दाबला.

यंत्राने शनिवारी शेवटी ऐकवलेलं वाक्य वाचलं. मग पुन्हा तेच वाक्य वाचलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वाचलं. ऑपरेटरांची मुलगी आधी यंत्राकडे बघत होती, मग बाबांच्या चेहऱ्याकडे बघू लागली. थोड्या वेळाने तिने काचेच्या यंत्राचं खोकं उचललं आणि न उघडताच परत पिशवीत घातलं. ते निदान दहा मिनिटं हाताळायला मिळावं असं मला फार वाटत होतं. पण मी गप्प बसलो. माझी पत आधीच घसरलेली होती.

"चिठ्ठीत काय लिहिलंयस?" ऑपरेटरांनी विचारलं. "वाच बघू."

चिमटीने कागद सरळ केला.

"'शुक्रवारी हे यंत्र चिमटीने उघडले आणि बॅटरी बदलली. आजोबांनी कार्ड उलटे ठेवले. चिमटीने लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला. शनिवारी कानाच्या यंत्रवाल्या बाईंनी आणि चिमटीने रेघ जोडली. रविवारी ऑपरेटरआजोबांनी स्क्रू निवडले. लांब स्क्रू खाली उजवीकडे.'"

त्या आठवड्यात ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत ही पहिली होती ज्यांत कोणी हरवलेलं नव्हतं.

ऑपरेटरांनी हात पुढे केला, चिमटीचं मनगट शोधलं आणि त्यावर अंगठा हलकेच दाबला.

"मागे," ते म्हणाले.

चिमटी हसली आणि तिने पहिल्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.